देवद्वारीं प्रवासी काय पाहतो?

नाशिक क्षेत्रीं उतरलेल्या यात्रेकरूचा दिवस कसा जातो, हें गोदाकांठच्या कोणत्याहि दुकानदारास विचारावें. पहांटे रामकुंडावर स्नान, मग काळ्या रामाचें दर्शन, तेथून सीतागुंफा व तपोवन. दुपारीं त्र्यंबकेश्वराची गाडी. परततांना चिवडा व मनुका यांची खरेदी. आणि उजेड उरलाच तर मुंबईच्या रस्त्यावरील पांडवलेण्यांच्या पायऱ्या. एका दिवसांत इतकीं पवित्र स्थळें पदरांत पडलीं, या समाधानांत तो रात्रीं गाडींत झोपी जातो. दुसऱ्या दिवशीं कोणीं विचारलें कीं, काय पाहिलें, तर दर्शन चांगलें झालें, गर्दी फार होती, यापलीकडे त्याच्याजवळ सांगण्यासारखें फारसें नसतें. त्याच्या श्रद्धेशीं आमचें भांडण नाहीं. श्रद्धेनें डोळे मिटले पाहिजेत, अशी जी त्याची समजूत झाली आहे, तिच्याशीं मात्र आहे.

या यात्रेकरूच्या शेजारीं अलीकडे दुसरा एक प्रवासी उभा राहूं लागला आहे. हा शिकलेला असतो. देवळांत तो स्तंभांची नक्षी पाहतो, लेण्यांत मूर्तींचीं छायाचित्रें घेतो, आणि गाभाऱ्यासमोरील रांगेकडे दयेनें किंवा कंटाळ्यानें बघतो. त्यास लेणें दिसतें. पण त्या लेण्यांत हात जोडून उभा असलेला मनुष्य दिसत नाहीं. पहिला दगडास देव म्हणतो व दगडावर काय लिहिलें आहे तें वाचीत नाहीं. दुसरा दगडाची स्तुति करतो व तो कोणाच्या घामानें, कोणाच्या पैशानें घडला, त्याच्या दाराशीं कोण अडविला गेला, हें विचारीत नाहीं. दोघेहि आले तसेच परत जातात. प्रवासानें मनुष्य शहाणा होतो असें आपण मुलांस सांगतों. पण अशा प्रवासानें तो फक्त थकतो.

पांडवलेण्यांचेंच उदाहरण घेऊं. शहरापासून सुमारें ८ किलोमीटरांवर त्रिरश्मि डोंगराच्या कुशींत हीं २४ लेणीं आहेत. पांडव वनवासांत येथें राहिले व त्यांनीं हीं कोरलीं, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि बुद्धाची मूर्ति दाखवून हा धर्मराज, हा भीम, असें सांगणारा कोणी ना कोणी पायऱ्यांवर भेटतोच. वस्तुतः पांडवांचा व या लेण्यांचा काडीइतकाहि संबंध नाहीं. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागें कोरण्यास प्रारंभ झालेलीं हीं बौद्ध भिक्षूंचीं निवासस्थानें व उपासनागृहें आहेत, आणि ही गोष्ट भिंतींवरच लिहिलेली आहे. लिपि ब्राह्मी आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजोळची. मध्यंतरीं ती लिपि वाचणारा देशांत कोणी उरला नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मीचा उलगडा पुरा केला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व सेनार्ट यांनीं नाशिकचे लेख वाचून अर्थासह छापले. अक्षर लागत नव्हतें तोंवर पांडवांची कथा क्षम्य होती. अक्षर लागून शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरहि तीच कथा सांगणें व ऐकणें, यास भोळेपणा म्हणतां येणार नाहीं. तो आळस आहे, आणि ज्यांचें हें धन आहे त्यांच्यावर तो अन्यायहि आहे.

मग भिंती काय सांगतात? १८ व्या लेण्यांतील चैत्यगृहाच्या दारावरची कमान ही नाशिककरांच्या धंभिक नांवाच्या गांवानें दिलेली देणगी आहे. दोन हजार वर्षांच्या सुमाराचें हें आपल्या शहराचें नांव, आणि तें कोरलें आहे एका सबंध गांवाच्या दानाच्या निमित्तानें! तेंच चैत्यगृह पूर्णतेस नेण्याचें श्रेय भट्टपालिका नांवाच्या स्त्रीचें आहे. ६ वें लेणें वीर नांवाच्या एका व्यापारी गृहस्थानें दिलें. त्यांतील एक खोली त्याच्या बायकोच्या, नंदश्रीच्या, नांवानें आणि एक मुलीच्या, पुरुषदत्तेच्या, नांवानें आहे. ८ वें लेणें मुगुदास नांवाच्या कोळ्यानें आपल्या कुटुंबासह दिलें. १७ वें उत्तरेकडील इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनानें, म्हणजे ग्रीक वंशाच्या परक्या मनुष्यानें, दिलें. ३ रें लेणें गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचें दान आहे. राजमाता, व्यापारी, त्याची बायको, त्याची मुलगी, कोळी, परदेशीय आणि एक अख्खें खेडें, इतकीं माणसें एकाच डोंगरावर शेजारीं शेजारीं नांदत आहेत; आणि ज्याचें नांव वर व ज्याचें खालीं असा मानपानाचा तंटा तेथें ऐकूं येत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. प्राचीन काळीं सर्व कांहीं सोन्याचें होतें, असें म्हणून वर्तमानकाळाची जबाबदारी टाळणाऱ्यांत आम्हांस सामील व्हावयाचें नाहीं. ज्या ३ ऱ्या लेण्यांत राजमातेच्या दानाचा लेख आहे, त्याच लेखांत तिच्या पुत्रानें चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, याचाहि अभिमानानें उच्चार केलेला आहे. म्हणजे उदार दान व वर्णाचा अहंकार हीं दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच हातानें कोरलेलीं आहेत. भिंत प्रामाणिक आहे. तिनें दोन्ही जपून ठेवलीं. आपणहि दोन्ही वाचलीं पाहिजेत.

व्यापारी वाचकांस विशेष गोडी वाटावी असा एक लेख १० व्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात यानें सुमारें १९०० वर्षांपूर्वीं ३००० कार्षापण अक्षय ठेव म्हणून दिले. ही रक्कम त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. केवळ व्याज खर्चावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं. दुसरीच्या व्याजांतून इतर किरकोळ खर्च. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेंकडा एक म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षूंस बारांप्रमाणें २४०च. एक कवडी इकडे नाहीं कीं तिकडे नाहीं. शिवाय हा सारा व्यवहार नगरसभेंत वाचून दाखविला व दप्तरीं नोंदविला, असेंहि लेख सांगतो. आणि इतकें करूनहि भागलें नाहीं म्हणून तो खडकांत कोरून ठेविला, कीं येणाऱ्याजाणाऱ्या कोणासहि तो वाचतां यावा.

आतां आमचा प्रश्न असा आहे. आज आपल्या तीर्थक्षेत्रांतील एखाद्या मोठ्या देवस्थानीं जो भाविक दानपेटींत पैसा टाकतो, त्यास त्या पैशाचें पुढें काय होतें हें भिंतीवर वाचावयास मिळतें काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वयें हिशेब ठेवणें, तो तपासून घेणें व धर्मादाय खात्याकडे पाठविणें हें विश्वस्तांस बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे. परंतु धर्मादाय कचेरींतील कपाटांत असलेला हिशेब व देवळाच्या ओसरीवर लावलेला हिशेब यांत फार अंतर आहे. देणगी देणाऱ्यांचीं नांवें संगमरवरावर कोरण्याचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे. पंख्याच्या पात्यावर देखील दात्याचें नांव सांपडतें. मग त्याच भिंतीवर गेल्या सालची जमा, खर्च व शिल्लक या तीन ओळी मराठींत लिहिण्यास कोणता धर्म आड येतो? ज्या गोष्टीची लाज उषवदातास वाटली नाहीं, ती आजच्या विश्वस्तांस कां वाटावी?

याच उषवदाताच्या दानांची यादी आणखी एका कारणानें वाचनीय आहे. भिक्षूंस लेणें देणाऱ्या या गृहस्थानें देवांस व ब्राह्मणांस सोळा गांवें दिलीं; भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकची पंचक्रोशी व सोपारा, येथें चौसोपी धर्मशाळा बांधल्या; तापी, दमण व डहाणू येथील आणि इतर नद्यांवर फुकट होड्या ठेविल्या; त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या व पाणपोईच्या जागा केल्या. होडींत बसणारा ब्राह्मण कीं श्रमण, हें नावाड्यानें विचारावें, अशी अट लेखांत नाहीं. प्रवासी हा प्रवासी. त्यास नदी ओलांडावयाची आहे, इतकें पुरे. देवदर्शनास निघालेल्या मनुष्याची वाट सुकर करणें हाच देवाच्या पूजेचा एक भाग होय, ही समजूत त्या काळीं होती. आज क्षेत्राच्या ठिकाणीं प्रवाशाची वाट अडवून त्याच्याकडून काय काढतां येईल, याची स्पर्धा जेथें जेथें चालते, तेथें तेथें ती समजूत आपण गमावली आहे.

हिंदु व बौद्ध स्थळें एकमेकांच्या इतकीं अंगाशीं आहेत कीं, एकास डोळे मिटून दुसरें पाहतांच येत नाहीं. जुन्नरास लेण्याद्रीवर अष्टविनायकांतील गिरिजात्मज बसला आहे तो बौद्ध विहारांत. त्याच्या सभोंवतीं भिक्षूंच्या खोल्या आहेत. त्याच जुन्नराच्या डोंगरांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दिलेलें लेणें व पाण्याचें टांकें आहे. कार्ल्यास एकवीरा आईचें देऊळ भव्य चैत्यगृहाच्या अगदीं दाराशीं आहे. आईचे कोळी भक्त नवसाला येतात, आणि चैत्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांचीं नांवें आहेत. गणपतीच्या भक्तानें विहारांत उभें राहिल्याचें स्मरण ठेविलें, तर त्याचा गणपति लहान होत नाहीं. बौद्ध उपासकानें एकवीरेच्या पायरीवर बसलेल्या कोळिणीस आपली म्हणून वाट दिली, तर त्याचा बुद्धहि दूर जात नाहीं. कोणाचें आधीं व कोणाचें नंतर, याचा निर्णय इतिहासानें पुराव्यावर करावा. शेजाऱ्यांनीं एकमेकांशीं कसें वागावें याचा निर्णय मात्र माणुसकीनें करावा.

टेकडीवरून आतां पंचवटींत येऊं. काळ्या रामाचें देऊळ सरदार ओढेकरांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काळ्या पाषाणांत बांधविलें. तें सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या प्रवाशानें त्या देवळाचीं दारें पाहिलीं व २ मार्च १९३० ची आठवण केली नाहीं, त्यानें तें देऊळ अर्धेंच पाहिलें. त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों स्त्रीपुरुष या दारांशीं आले. त्यांनीं राज्य मागितलें नाहीं, जमीन मागितली नाहीं. ज्या रामाचें नांव ते घरोघरीं घेत होते, त्याचें दर्शन मागितलें. दारें बंद झालीं. भाऊराव गायकवाड व त्यांचे सहकारी यांनीं तो सत्याग्रह पुढें काहीं वर्षें चालविला; लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला; दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवल्यास बाबासाहेबांनीं सांगितलें कीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्धधर्माची दीक्षा घेऊन तो शब्द खरा केला.

मध्यंतरीं कायदे झाले. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरीच्या विठोबाचें दार उघडावें म्हणून प्राण पणास लाविले व तें दार उघडलें. त्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० सालीं राज्यघटना अमलांत येऊन अस्पृश्यता हा गुन्हा ठरला. १९५६ सालीं सार्वजनिक हिंदु पूजास्थानांत सर्व हिंदूंस प्रवेशाचा हक्क देणारा कायदा झाला. काळ्या रामाचें दार आज सर्वांस उघडें आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांस त्या दारानें परत लाविलें, त्यांचीं नातवंडें आज त्रिरश्मीच्या पायऱ्या चढतात व तेथें बुद्धास वंदन करतात. देवळापासून डोंगरापर्यंतचें अंतर गाडीनें अर्ध्या तासाचें आहे. समाजाच्या हिशेबीं तें एका संबंध लोकसमूहानें धर्म बदलण्याइतकें लांब आहे. एका दिवसांत दोन्ही ठिकाणीं जाऊन येणाऱ्या प्रवाशास हें अंतर जाणवलें नाहीं, तर त्यानें काय पाहिलें?

दार उघडलें म्हणून प्रश्न सुटला असेंहि नाहीं. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यांत स्त्रियांस मज्जाव होता. १ एप्रिल २०१६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, देवळांत जाणें हा स्त्रियांचा हक्क आहे व त्याचें रक्षण करणें हें सरकारचें काम आहे. त्यावर त्र्यंबकेश्वरीं पहिली युक्ति निघाली ती ही कीं, गाभारा पुरुषांसहि बंद करावा! बहिणीस आंत घेण्यापेक्षां भावासहि बाहेर काढावें, ही समतेची कल्पना ज्या डोक्यांतून निघाली, त्या डोक्याचें कौतुकच केलें पाहिजे. ज्या जिल्ह्याच्या डोंगरांत भट्टपालिका, दक्षमित्रा, नंदश्री व गौतमी बलश्री यांचीं नांवें दात्या म्हणून कोरलेलीं आहेत, तेथें स्त्रीची सावली देवास सोसत नाहीं असें सांगण्यास आपली जीभ कशी रेटते?

येथें दोन आक्षेप येतील. एक म्हणेल, प्रवासी दोन घटकांसाठीं येतो. त्यानें दर्शन घ्यावें व जावें. परक्या गांवीं चौकशा कशास? आमचें उत्तर असें कीं, क्षेत्र हें गांवकऱ्यांचें एकट्याचें नसतें. तें यात्रेकरूच्या पैशावर व श्रद्धेवर उभें असतें. ज्याचा पैसा चालतो, त्याचा प्रश्नहि चालला पाहिजे. दुसरा म्हणेल, भक्तीच्या ठिकाणीं हिशेब व इतिहास आणल्यानें भाव उणा होतो. ज्या भावास शिलालेख वाचला कीं ओहोटी लागते, तो भाव फार उथळ पाण्याचा असला पाहिजे. आमच्या संतांनीं देवाशीं भांडण केलें, त्यास जाब विचारला. त्यांची भक्ति उणी झाली असें कोणी म्हणत नाहीं.

प्रवाशांसहि चार शब्द कठोरपणें सांगणें भाग आहे. लेण्यांच्या भिंतींवर आपलें व आपल्या प्रियजनांचें नांव खिळ्यानें ओरखडण्याची जी चाल पडली आहे, तिच्याइतकें लाजिरवाणें दुसरें कांहीं नसेल. वीर वाण्यानें नांव कोरलें तें चार खोल्यांचें लेणें देऊन. आपण नांव कोरतों तें कांहीं न देतां, उलट होतें तें विद्रूप करून. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणें, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर, या कृत्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण शिक्षेच्या भीतीनें आवरलेला हात हा सुधारलेला हात नव्हे. चैत्यगृहांत आवाज घुमतो म्हणून आरोळ्या मारणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, आपल्या देवघरांत परक्यानें तसें केलेलें आपणांस खपणार नाहीं. स्तूप हा कोणाचा तरी देव्हारा आहे. ज्या घराचा धर्म आपला नाहीं, त्या घरीं पादत्राणें कोठें काढावीं, कोठें बसावें, कोठें गप्प राहावें, हें विचारून घेणें यांत कमीपणा नाहीं. तें पाहुण्याचें पहिलें कर्तव्य आहे.

आणि शेवटीं शहरच्या व्यापाऱ्यांस. सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो. २००३, २०१५, २०२७ अशी त्याची परंपरा आहे. २००३ च्या ऑगस्टांत पर्वणीच्या दिवशीं अरुंद वाटेवर झालेल्या चेंगराचेंगरींत ३९ भाविक प्राणास मुकले, हें नाशिकनें कधींहि विसरूं नये. यात्रेकरूची वाट रुंद ठेवणें, त्यास पाणी, सांवली व बसण्यास जागा देणें, खोलीचा व गाडीचा भाव पाटीवर लिहून तोच घेणें, हीं कामें सरकारच्या हुकुमाची वाट न पाहतां करतां येतात. उषवदात राजाचा जावई होता म्हणून त्यानें नद्यांवर होड्या ठेविल्या, हें खरें. पण मुगुदास कोळी होता, वीर व्यापारी होता, आणि धंभिक हें एक खेडें होतें.

आमची मागणी थोडक्यांत अशी आहे. प्रत्येक मोठ्या देवस्थानानें वर्षाचा जमाखर्च मराठींत, ठळक अक्षरांनीं, दाराशीं लावावा. लेण्यांतील मुख्य लेखांचा मराठी अर्थ त्या त्या लेण्यापाशीं वाचावयास मिळावा, म्हणजे पांडवांची कथा आपोआप विश्रांति घेईल. आणि गाभाऱ्यापर्यंत जावयाचें कोणीं व उंबऱ्याशीं थांबावयाचें कोणीं, याचे जे नियम असतील ते स्त्रीपुरुषांस व सर्व जातींस एकच असावेत. यांतील एकाहि गोष्टीस फार पैसा लागत नाहीं. तोंपर्यंत प्रवाशानें आपल्यापुरतें एवढें करावें: देवळांत पैसा टाकण्यापूर्वीं हिशेब विचारावा, आणि लेण्यांत गेल्यावर भिंतीवरच्या नांवांपैकीं एखादें तरी विचारून घेऊन परतावें.